गंभीर आजार ओळखण्याची डॉक्टरांची केस परीक्षा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कोल्हापूर आणि आसपासच्या तालुक्यांतले जीपी म्हणजे जनरल प्रॅक्टिस करणारे डॉक्टर, सरकारी मेडिकल ऑफिसर आणि नुकतीच इंटर्नशिप संपवलेली पोरं-पोरी यांच्यासाठी आम्ही काही फिजिशियन मंडळी रविवारी सकाळी केस परीक्षा घेतो. त्याबद्दल व्हॉट्सॲपवर तेच तेच प्रश्न येतात, डॉक्टरांचे पण आणि पेशंटच्या घरच्यांचे पण, म्हणून एकदा सगळं इथं लिहून ठेवतोय.

ही परीक्षा नक्की कसली?

डॉक्टरसमोर एक पेशंट येतो, कधी कागदावर, कधी खराखुरा माणूस पेशंट बनून. सुरुवातीला एकच वाक्य मिळतं, ओपीडीत मिळतं तसंच, "डाक्टर, कालपास्नं पोटात लई दुखाय लागलंय." पुढचं सगळं डॉक्टरनं विचारून काढायचं. जे विचारलं त्याचंच उत्तर मिळतं, जे तपासलं तेवढंच फाइंडिंग मिळतं, आणि जे विचारलंच नाही ते शेवटपर्यंत झाकलेलं राहतं. मग डॉक्टरनं सांगायचं की काय काय असू शकतं, त्यातलं जीव घेणारं कुठलं, आत्ता लगेच काय करायचं, काय अजिबात करायचं नाही, आणि पेशंटला घरी सोडायचं की पुढं पाठवायचं. एका केसला साधारण दहा मिनिटं. त्यानंतर तेवढाच वेळ आम्ही त्या केसवर बोलतो, आणि खरं शिकणं त्या बोलण्यातच होतं असं मला वाटतं.

एमबीबीएस होताना एवढ्या परीक्षा दिलेल्या असतात, परत कशाला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो. फायनल इयरला मेडिसिन, सर्जरी, गायनिक, पिडियाट्रिक्स, सगळ्यांच्या लाँग केस, शॉर्ट केस, व्हायवा होतात आणि त्या सोप्या नसतात. पण परीक्षेसाठी वॉर्डात ठेवलेला पेशंट बहुतेक वेळा स्थिर असतो, आधीच निदान झालेला असतो, प्लीहा वाढलेली, झडप आखडलेली, जुना पॅरालिसिस, असं. रात्री दीडला दवाखान्याच्या दारात गाडीवरून मधे बसवून आणलेला, घाम फुटलेला आणि "गॅस झालाय" म्हणणारा माणूस त्या परीक्षेत येत नाही. त्याची तयारी इंटर्नशिपच्या वर्षात व्हायला पाहिजे, पण ते वर्ष बऱ्याच पोरांचं 'नीट पीजी' ह्या पुढच्या शिक्षणाच्या प्रवेश परीक्षेच्या अभ्यासात जातं, त्यांना तरी काय बोलणार, सीट मिळाली नाही तर पुढचं सगळंच अडतं.

आणि त्यानंतर काय? काहीच नाही. महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलचं रजिस्ट्रेशन दर ५ वर्षांनी रिन्यू करायचं असतं, त्याला ३० क्रेडिट पॉइंट लागतात, पण ते पॉइंट व्याख्यानाला, कॉन्फरन्सला हजर राहिल्याचे, तुम्ही पेशंट कसा बघता हे त्यात कुणी तपासत नाही. इंग्लंडमध्ये डिसेंबर २०१२ पासून दर ५ वर्षांनी रिव्हॅलिडेशन म्हणजे डॉक्टरच्या परवान्याची फेरतपासणी आहे, ती काही परीक्षा नाही, पण निदान कामाचा हिशेब तरी द्यावा लागतो. आपल्याकडं नेक्स्ट नावाची एकच शेवटची परीक्षा २०१९ च्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या (एनएमसी) कायद्यात लिहिलेली आहे, ती पुढं पुढं ढकलली गेलीय. आणि ती आली तरी डॉक्टर होतानाचीच परीक्षा असणार. चाळिशीतल्या, पन्नाशीतल्या डॉक्टरचं काय, तो प्रश्न तसाच राहतो.

मग एमसीक्यू, म्हणजे चार पर्यायांतला एक निवडायचे प्रश्न, का ठेवत नाही, पटकन होतील की?

एमसीक्यूला मी नावं ठेवत नाही. नीट पीजीला २०० प्रश्न असतात, परदेशातून शिकून आलेल्यांच्या एफएमजीईला ३०० प्रश्न आणि पास व्हायला १५० लागतात, एवढ्या मोठ्या अभ्यासक्रमावर थोड्या वेळात नजर फिरवायची तर दुसरा मार्ग नाही, आणि पेपर तपासणाऱ्याची मर्जी त्यात येत नाही हा मोठा फायदा. अडचण अशी की चार पर्यायांत उत्तर आधीच लिहिलेलं असतं. "पल्मोनरी एम्बोलिझम" (फुप्फुसात अडकलेली रक्ताची गुठळी) हा शब्द समोर दिसला की आठवतं, ओपीडीत तो शब्द कुणी समोर धरत नाही, तिथं फक्त धाप लागलेली बाळंतीण असते.

जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये ह्याच्या चार पायऱ्या मांडल्या, अजून सगळीकडं तेच शिकवतात. पहिली पायरी माहीत असणं, दुसरी कसं करायचं ते माहीत असणं, तिसरी करून दाखवणं, आणि चौथी म्हणजे रोजच्या कामात, कुणी बघत नसताना खरंच करणं. एमसीक्यू पहिल्या पायरीला उत्तम, दुसरीला बरी. आमची केस परीक्षा दुसऱ्या आणि तिसऱ्या पायरीची आहे. चौथी आम्हाला मोजता येत नाही हे आधीच सांगतो, त्याबद्दल खाली लिहिलंय.

एखादी केस सांगा ना.

ही केस आता वापरून झालीय म्हणून सगळीच सांगतो. जुलै महिना, पन्हाळा तालुक्यातलं गाव, पहाटे साडेचारला १२ वर्षांच्या पोराला आणलंय. आई म्हणते, "रात्री चांगला जेवून झोपला, तीनच्या सुमाराला पोट धरून रडायलाच लागला, एक उलटी झाली." बास, एवढंच.

बरेच डॉक्टर पोट दाबून बघतात, पोट मऊ असतं, ॲसिडिटीचं आणि पोटदुखीचं इंजेक्शन देतात, सकाळी सोनोग्राफी करा म्हणतात. जे विचारतात की पोरगं झोपलं कुठं होतं, त्यांना उत्तर मिळतं, "खाली, जमिनीवर." जे डोळ्यांकडं बघतात त्यांना सांगितलं जातं की पापण्या अर्धवट मिटल्यात आणि पोरगं झोपेत असल्यासारखं दिसतंय. जे त्याला मान उचलायला लावतात त्यांना कळतं की मान उचलत नाही. पाणी प्यायला दिलं तर गिळता येत नाही. एका श्वासात आकडे म्हणायला सांगितलं तर आठ-नवाच्या पुढं जात नाही.

हा मण्यार ह्या विषारी सापाचा दंश. मण्यार रात्री झोपेत चावते, बऱ्याचदा कळतही नाही, दाताची खूण सापडत नाही, सूज नाही, रक्त नाही, त्यामुळं "साप चावला" हे वाक्य पेशंटकडून येतच नाही आणि सुरुवात होते ती पोटदुखीनं. वीस मिनिटांची रक्त गोठण्याची टेस्ट पण नॉर्मल येते कारण हे विष रक्तावर चालत नाही, नसांवर चालतं, आणि ती टेस्ट नॉर्मल आली म्हणून निर्धास्त राहणारा डॉक्टर इथं फसतो. करायचं काय तर श्वासावर लक्ष, लागला तर अँबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या फुग्यानं, श्वास देत राहायचं, सर्पविषावरच्या लसीच्या १० व्हायल सलाईनमधून सुरू करायच्या, मुलालाही मोठ्या माणसाइतकाच डोस कारण सापानं विष वजन बघून सोडलेलं नसतं, रिॲक्शन आली तर म्हणून ॲड्रेनॅलिन भरून हाताशी ठेवायचं, आणि व्हेंटिलेटर आहे तिथं हलवायचं, पण गाडीत श्वास द्यायला माणूस सोबत देऊनच.

कुणी कागदावर "मण्यार" हा शब्द लिहिला नाही, पण पापण्या पडल्यात, श्वासाचे स्नायू दमत चाललेत हे ओळखलं आणि श्वास सांभाळत पुढं पाठवलं, तर आम्ही ती केस पास धरतो. उलट साप ओळखला पण पोराला एकट्या वडिलांबरोबर मोटारसायकलवरून सीपीआरला, म्हणजे कोल्हापूरच्या मोठ्या सरकारी हॉस्पिटलला, जा म्हणून चिठ्ठी दिली तर नापास.

कुठले आजार विचारता?

जे चुकले तर माणूस जातो किंवा जन्मभराचा अधू होतो, आणि वेळेत ओळखले तर वाचतो, असेच. हार्ट ॲटॅक, स्ट्रोक, सेप्सिस (इन्फेक्शन अंगभर भिनणं), मेंदूज्वर, गरोदरपणातलं वाढलेलं बीपी, नळीतली गर्भधारणा फुटणं, लहान मुलांमधला पहिल्यांदाच दिसणारा डायबेटीस जो उलट्या आणि जोरजोरात श्वास घेऊन येतो आणि न्यूमोनिया म्हणून फिरत राहतो, टीबी, डेंग्यू, विषबाधा.

त्यात आपल्या भागाचं वेगळं आहे ते मुद्दाम घालतो. पंचगंगेला पूर येऊन गेला, २०१९ ला आला २०२१ ला आला, की चिखल उपसणाऱ्या माणसाला ताप, पोटऱ्या ठणकणं आणि डोळे लाल, म्हणजे लेप्टो (उंदरांच्या लघवीतून पाण्यात, चिखलात पसरणारा ताप) डोक्यात आलाच पाहिजे, कावीळ आणि लघवी कमी होईपर्यंत थांबायचं नाही. पावसाळ्यानंतर गवतात, रानात काम करणाऱ्या बाईचा उतरत नसलेला ताप, तिच्या काखेत किंवा कमरेला काळी खपली आहे का ते कपडा बाजूला करून बघितल्याशिवाय स्क्रब टायफस (गवतातला बारीक किडा चावून येणारा ताप) सापडत नाही, आणि खपली नसली तरी तो असू शकतो. इचलकरंजीत २०१२ ला काविळीची साथ आली होती, ती हिपॅटायटिस ई ची, हा आजार इतरांना बहुतेक वेळा सोडून देतो पण गरोदर बाईला शेवटच्या महिन्यांत फार धोक्याचा, म्हणून "काविळीची गरोदर बाई" ही केस कायम ठेवलीय. चंदगडच्या डॉक्टरांसाठी माकडताप (गोचीड चावून होणारा), कारण शेजारच्या दोडामार्गात २०१६ पासून तो दिसलाय.

बातमीतले आजार मात्र मी जपून घालतो. जानेवारी २०२५ ला पुण्यात गिया बारेची (नसांचा आजार, हातपाय लुळे पडतात) साथ गाजली, त्यानंतर हातापायातली ताकद गेली म्हटलं की लोकांच्या डोक्यात पहिलं तेच यायला लागलं, आणि पोटॅशियम बघायचं, साप चावला असेल का विचारायचं, औषध फवारणी केली होती का विचारायचं, हे मागं पडायला लागलं.

डोस पाठ पाहिजेत का?

सगळे नाहीत, मोबाइलवर बघायला परवानगी आहे, खऱ्या दवाखान्यातही तुम्ही बघताच आणि बघावंच. पण काही गोष्टींना शोधायला वेळ नसतो त्या तोंडावर पाहिजेत. हार्ट ॲटॅकला ॲस्पिरिन ३०० ते ३२५ मिलिग्रॅम चावून खायला लावायची, ॲनाफिलॅक्सिसला म्हणजे जीवघेण्या ॲलर्जीला ॲड्रेनॅलिन मांडीत अर्धा मिलिग्रॅम, गरोदरपणात झटके आले तर मॅगसल्फचा (मॅग्नेशियम सल्फेट) पहिला डोस, शुगर पडली तर ग्लुकोज.

पेशंटचं काम कोण करतं?

बहुतेक हौशी नाटकातली मंडळी, कोल्हापुरात त्यांना तोटा नाही, शिवाय दोन निवृत्त शिक्षिका आणि एक एसटीतले कंडक्टर. पेशंट म्हणून माणूस बसवून डॉक्टरांना तपासायची ही पद्धत हॉवर्ड बॅरोज यांनी १९६३ मध्ये लॉस एंजेलिसला सुरू केली, आणि स्टेशन लावून, प्रत्येक विद्यार्थ्याला तीच केस, तीच मार्कांची यादी, ही ऑस्कीची पद्धत रोनाल्ड हार्डन यांनी डंडीत १९७५ मध्ये मांडली. म्हणजे जुनी आणि तावून सुलाखून निघालेली गोष्ट आहे, आम्ही नवीन काही काढलेलं नाही.

आमच्या पेशंटना एक नियम कडक आहे, विचारल्याशिवाय सांगायचं नाही, आणि विचारलं तर लपवायचं नाही. दुसरा, आजार पुस्तकी भाषेत सांगायचा नाही. छातीत "कळ" येते असं कुणी सांगत नाही इथं, "जड झालंय", "कोंडल्यागत झालंय", "करपट ढेकर यायल्यात", "हात वळायलाय", असंच बोलतात, आणि त्यातून हार्ट ॲटॅक वेगळा काढणं हीच परीक्षा. खास करून डायबेटीसवाला माणूस किंवा पन्नाशीची बाई असेल तर छातीत दुखतंय हे सांगतीलच असं नाही, नुसता दम, नुसता घाम, नुसती मळमळ.

परीक्षेत येतं तर मग दवाखान्यात का होत नाही?

आमच्या सगळ्या कामाचं मूळ ह्या प्रश्नात आहे म्हणून जरा लांब लिहितो.

दिल्लीत एक अभ्यास झाला, २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला, टीबीची लक्षणं सांगणारे १७ शिकवलेले पेशंट खाजगी दवाखान्यांत पाठवले, एकूण २५० भेटी झाल्या. त्यातल्या फक्त ५२ भेटींत म्हणजे २१ टक्क्यांत केस नीट हाताळली गेली. त्याच डॉक्टरांपैकी काहींना नंतर तीच केस तोंडी विचारली तेव्हा उत्तरं बरीच चांगली आली. म्हणजे दोन आठवड्यांवर खोकला असेल तर बेडका तपासायचा हे माहीत होतं, पण समोर बसलेल्या पेशंटला लिहून दिलं अँटिबायोटिक आणि खोकल्याचं औषध. ते अँटिबायोटिक फ्लुरोक्विनोलोन गटातलं असलं तर टीबी थोडा दबतो, पेशंटला बरं वाटतं, निदान आणखी लांबतं, तोवर घरातल्या पोराबाळांना लागण. कागदावरची केस माहिती मोजते आणि पाठवलेला पेशंट कृती मोजतो, आणि दोन्हींत मोठं अंतर आहे.

हे अंतर कशामुळं? आळस, पैसा, गर्दी, अशी कारणं लोक पटकन सांगतात. २०२४ मध्ये कर्नाटक आणि बिहारमधल्या मध्यम आकाराच्या २५३ शहरांतल्या २ हजारांवर खाजगी डॉक्टरांवर एक मोठा प्रयोग प्रसिद्ध झाला, लहान मुलांच्या जुलाबात ओआरएस का दिलं जात नाही ते शोधायला. ओआरएस न देण्यामागं सगळ्यात मोठं कारण, जवळजवळ ४२ टक्के, हे निघालं की डॉक्टरला वाटतं पेशंटला ओआरएस नकोच आहे. दुकानात माल नसणं ६ टक्के, पैशाचा फायदा ५ टक्के. आणि पेशंटनं स्वतःहून ओआरएस चालेल म्हटलं की देणं खूप वाढलं.

मला हे वाचून आपल्या ओपीडीच आठवल्या. "नुसती पावडर व्हय डाक्टर, सलाईन लावा की", "सुई मारा, गोळ्यांनी काय होतंय", आणि शेजारच्या दवाखान्यात सुई मिळते हे डॉक्टरला माहीत असतं. म्हणून आम्ही काही केसेसमध्ये पेशंटला हट्ट करायला शिकवलंय. टीबीच्या केसमध्ये पेशंट म्हणतो मला उद्या कारखान्यावर जायचंय, चांगलं औषध द्या, बेडका-बिडका नको. डॉक्टरनं त्याला तपासणीला कसं तयार केलं ह्याचे वेगळे मार्क आहेत. ते मार्क मिळवायला ज्ञान पुरत नाही, बोलावं लागतं, दोन मिनिटं जास्त द्यावी लागतात, आणि ज्याला हे इथं सरावानं जमलं त्याला तिथं जमायची शक्यता वाढते.

मार्क कसे देता? पास किती?

प्रत्येक केसमध्ये चार-पाच गोष्टी अशा असतात ज्या चुकल्या तर पेशंट जातो. त्यांना मोठे मार्क. बाकी सगळ्याला थोडे. उगाच पंचवीस टेस्ट लिहिल्या तर मार्क वाढत नाहीत, जाळं टाकल्यासारखी यादी देणाऱ्याला आम्ही विचारतो, ह्यातली पहिली कुठली आणि का.

घातक गोष्टीला मार्क कापतो. डेंग्यूच्या संशयात डायक्लोफेनॅकचं (वेदनाशामक) इंजेक्शन, स्ट्रोकच्या पेशंटला सीटी करायच्या आधी ॲस्पिरिन, छातीत जडपणा असलेल्याला पहिला ईसीजी नॉर्मल आला म्हणून घरी सोडणं. पहिला नॉर्मल असू शकतो, थोड्या वेळानं परत काढायचा असतो, हे एवढं एक वाक्य लक्षात राहिलं तरी सकाळ सार्थकी लागली असं मी समजतो.

पासची रेषा आम्ही हुशार डॉक्टरवर बेतत नाही. केस बनवताना पाच-सहा जण वेगवेगळे बसून लिहितो, की साधारण बरा, जबाबदार डॉक्टर ह्यात काय करेल, आणि त्याची सरासरी धरतो. सुप्रीम कोर्टानं २००५ मध्ये जेकब मॅथ्यू खटल्यात पण कसोटी तीच सांगितलीय, त्या व्यवसायातला साधारण कौशल्याचा माणूस, सर्वोच्च तज्ज्ञ नव्हे.

एका केसवरून डॉक्टर कसा आहे ते कळतं का?

नाही. १९७८ मध्ये एल्स्टाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिलं की एका केसमध्ये उत्तम विचार करणारा डॉक्टर दुसऱ्या केसमध्ये तसाच करेल हे धरता येत नाही, कारण विचार करायची कुठली वेगळी शक्ती नसते, त्या त्या आजाराचं ज्ञान लागतं. म्हणून दहापेक्षा कमी केसेसवर आम्ही कुणालाच काही सांगत नाही, आणि सांगतो तेही "हृदय चांगलं, लहान मुलं कच्ची" असं तुकड्यांत.

माझी २५ वर्षांची प्रॅक्टिस आहे, मला काय गरज?

सर, मॅडम, तुमच्याकडं जे आहे ते पोरांकडं नाही, दारातून आत येतानाच पेशंट सिरियस आहे हे तुम्हाला कळतं, आमच्या केसेसमध्ये ते वारंवार दिसतं. पण २००५ मध्ये ६२ अभ्यास एकत्र करून बघितले गेले, त्यांतल्या निम्म्याहून जास्त अभ्यासांत प्रॅक्टिसची वर्षं वाढतील तशी उपचारांची गुणवत्ता सगळ्या मोजमापांत घसरलेली दिसली. त्यामागं साधं कारण आहे, उपचार बदलतात आणि बदललेलं सांगायला कुणी येत नाही. स्ट्रोकला काही करता येत नाही असं आपण शिकलो होतो, आता साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळवायचं इंजेक्शन देता येतं, म्हणजे "सकाळी बघू" म्हणणं आता पेशंटला महाग पडतं. टीबीचं दिवसाआड औषध गेलं, रोजचं आलं. आणि चुकलेला पेशंट परत आपल्याकडं येत नाही, तो दुसरीकडं जातो किंवा जातोच, त्यामुळं चूक झाली हे कळायची सोय प्रॅक्टिसमध्ये नाही.

गगनबावड्यात, चंदगडात तपासण्याच नाहीत. शहरातले प्रश्न आम्हाला कसे लागू?

केस बनवताना जागा लिहिलेली असते. "गगनबावडा, रात्र, पाऊस, ईसीजी आहे, लॅब बंद" असं असेल तर तेवढ्यावरच उत्तर द्यायचं. चंदगडचा पेशंट कोल्हापूरपेक्षा बेळगावला लवकर पोचतो, त्यानं बेळगाव लिहिलं तर ते बरोबर उत्तर आहे, आम्ही सीपीआरच पाहिजे असं म्हणत नाही. आणि साधनं नाहीत म्हणून चांगलं काम होत नाही हे मला मान्य नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी विंचूदंशाच्या पेशंटांशेजारी बसून बसून जे निरीक्षण केलं त्यातून प्रॅझोसिन ह्या बीपीच्या औषधाचा उपचार उभा राहिला, आणि मरणारी माणसं वाचायला लागली. घड्याळ, बीपीचं मशीन, ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर आणि टॉर्च, एवढ्यावर आमच्या बहुतेक केसेस सुटतात.

रेफर केलं तर मार्क जातात का?

उलट. वेळेत पाठवणं हे जीपीचं सगळ्यात मोठं काम. फक्त पाठवण्याआधी काय दिलं, चिठ्ठीत वेळ आणि औषध लिहिलं का, पुढच्या हॉस्पिटलला फोन केला का, नातेवाइकांना नीट सांगितलं का, हे बघतो. नुसतं "पुढं दाखवा" म्हणजे रेफर नव्हे.

मार्क बाहेर जातील का? पेशंटना कळलं तर?

जाणार नाहीत. मार्कांचा कागद डॉक्टरच्या हातात, दुसरी प्रत ठेवत नाही, यादी लावत नाही, नंबर काढत नाही. कोण किती हुशार हे ठरवायचं असतं तर आम्ही रविवार घालवला नसता.

बीएएमएस, बीएचएमएस डॉक्टर येऊ शकतात का?

हो. गावात पहिला पेशंट त्यांच्याकडंच येतो हे वास्तव आहे. त्यांच्या केसेसमध्ये कायद्यानं त्यांना काय देता येतं ते धरूनच अपेक्षा ठेवतो, पण सिरियस पेशंट ओळखणं आणि पाठवणं यात सूट कुणालाच नाही.

क्रेडिट पॉइंट मिळतात का?

आमच्या सत्राला नाहीत. फीसुद्धा नाही, चहा-नाश्त्याचं आपापसांत वाटून घेतो.

आता एआय पण डॉक्टरकीची परीक्षा पास होतंय म्हणे, मग डॉक्टरांची कशाला घेता?

होतंय, खरं आहे. एआयला तपासायला वापरतात त्या मोठ्या प्रश्नसंचांपैकी एक तर आपल्याच एम्स आणि नीट पीजीच्या प्रवेश परीक्षांतल्या १ लाख ९० हजारांवर एमसीक्यूंचा आहे, २०२२ मध्ये आलेला. पण त्या प्रश्नांत पापणी पडलीय हे आधीच लिहिलेलं असतं. ती बघायची कुणी, पोराला मान उचलायला सांगायची कुणी, हे काम अजून खोलीत असलेल्या माणसाचंच आहे. तुम्ही मदतीला एआय वापरत असाल तर मला त्यात काही वाईट वाटत नाही, फक्त त्याला चुकीचं आणि अर्धवट फाइंडिंग दिलं तर ते तितक्याच ठामपणे चुकीचं उत्तर देतं, एवढं ध्यानात ठेवा.

आम्ही पेशंट आहोत, आमच्या डॉक्टरची पारख कशी करायची?

डॉक्टरला कोड्यात पाडायला जाऊ नका, त्यातून काही निघत नाही. तीन गोष्टी विचारा, सरळ आणि नम्रपणे. हे आणखी काय असू शकतं? रात्रीत काय झालं तर लगेच यायचं? बरं वाटलं नाही तर किती दिवसांनी यायचं? चांगला डॉक्टर यावर चिडत नाही. डेंग्यूमध्ये तर ताप उतरल्यावर घरचे निवांत होतात आणि नेमका साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसातला तोच काळ धोक्याचा, पोटात सारखं दुखणं, उलट्या थांबत नाहीत, हिरड्यांतून रक्त, अंग गार, हे माहीत असलेली आई पोराला वेळेत आणते.

आणि एक विनंती, डॉक्टरनं सुई दिली नाही, तपासणी करून या म्हटलं, तर दवाखाना बदलू नका. वर लिहिलेला ओआरएसचा अभ्यास परत वाचा, तुमच्या एका वाक्यानं डॉक्टरचं चांगलं वागणं सोपं होतं.

तयारी कशी करू?

पुस्तक पाठ करून येऊ नका. आठवडाभर रोजच्या ओपीडीत प्रत्येक पेशंटला मनात एकच प्रश्न विचारा, ह्यात जीव घेणारं काय असू शकतं आणि ते नाही हे मी कशावरून म्हणतोय. श्वासाची गती पूर्ण एक मिनिट घड्याळ लावून मोजायची सवय करा, अंदाजानं "२०" लिहायची सवय सगळ्यांना आहे आणि सेप्सिस, न्यूमोनिया, पोरांमधला डायबेटीस हे सगळे त्या आकड्यातच आधी दिसतात.

माझ्याकडं एक केस आहे, देऊ का?

द्या, त्याच केसेस सगळ्यात उपयोगी पडतात, खास करून ज्यांत निदान उशिरा झालं त्या. पेशंटचं नाव, गाव, फोटो, रिपोर्टवरचा नंबर, हॉस्पिटलचं नाव काही नको, वय थोडं बदलून लिहा. पेशंट पहिलं वाक्य काय बोलला ते मात्र त्याच्याच शब्दांत लिहा, तिथं भाषा सुधारू नका. मग तुम्हाला काय वाटलं, काय केलं, किती वाजता काय बदललं, आणि शेवटी काय निघालं. आम्ही तिघं-चौघं वाचतो, आणखी काही विचारायचं असेल तर फोन करतो, आणि ती केस सत्रात घ्यायच्या आधी तुम्हाला एकदा वाचायला पाठवतो.